इजा कुणाला, नुकसान कशाचे?

शब्दांविषयीच्या शंकांचे जे टपाल गेल्या काही आठवड्यांत आले, त्यातील बरीच पत्रे एकाच शब्दकुळाभोवती फिरणारी होती. इजा, दुखापत, हानी, नुकसान, अपाय हे शब्द एकमेकांच्या जागी घालता येतात का, हा त्यांतला समान प्रश्न. म्हणून या वेळी ती पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मी एका दैनिकात मुद्रितशोधनाचे काम करतो. अपघाताच्या बातमीत ‘बसला मोठी इजा झाली असून चार प्रवाशांचे किरकोळ नुकसान झाले’ असे वाक्य आले होते. मी ते बदलून ‘बसचे मोठे नुकसान झाले असून चार प्रवाशांना किरकोळ इजा झाली’ असे केले. वार्ताहराचे म्हणणे असे की, दोन्ही शब्दांचा अर्थ एकच असल्याने बदलाची गरज नव्हती. दुसऱ्या एका सहकाऱ्याने तर असे सुचवले की, इजा हा शब्द संस्कृतातील ‘इज्या’वरून आलेला असून नुकसान हा परका आहे, तेव्हा शक्यतो सगळीकडे इजाच वापरावा. यात बरोबर कोण?

उत्तर : आपण केलेली दुरुस्ती बरोबर आहे. सहकाऱ्याचे म्हणणे मात्र दोन्ही बाजूंनी चुकले आहे. इज्या म्हणजे यज्ञ. तो शब्द यज् या धातूपासून झाला असून इजेशी त्याचे उच्चाराच्या सारखेपणापलीकडे काही नाते नाही. इजा मूळचा अरबी आणि नुकसानही मूळचा अरबीच, त्यामुळे परकेपणाच्या निकषावर एकाला ठेवून दुसऱ्याला घालवावे, अशी सोय येथे उपलब्ध नाही.

अरबीत त्रास, पीडा, उपद्रव अशा अर्थाचे एक धातुमूळ आहे आणि ‘पीडा देणे’ या क्रियेचे नाम त्यापासून तयार होते. त्या नामातील मधले व्यंजन अरबी माणूस जिभेचे टोक दातांमध्ये धरून उच्चारतो, आणि तो ध्वनी आपल्या कानाला ‘ज’पेक्षा ‘द’च्या जवळचा वाटतो. फारसी भाषकांनी हा शब्द घेताना ते व्यंजन ‘ज़’सारखे केले, शेवटचा कंठातला झटका गाळला आणि ‘ईज़ा’ असे सुटसुटीत रूप वापरात आणले. मराठीत आला तो हा फारसी उच्चार घेऊनच. इजा हा शब्द अरबीतून थेट न येता फारसीच्या मार्गाने आला, याचा पुरावा म्हणजे त्यातला ‘ज’. १३४७ साली बहमनी राज्य स्थापन झाल्यापासून पुढे काही शतके दख्खनच्या राज्यकारभारात फारसीचा जो वावर होता, त्यातून अरबी शब्दांचा मोठा साठा याच रीतीने, म्हणजे फारसी मुखातून, मराठीत उतरला.

या ‘ज’ची गंमत थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. अरबी-फारसी लिपीत चार वेगवेगळी अक्षरे आहेत, ज्यांचा फारसी उच्चार एकच ‘ज़’ असा होतो. जमीन या शब्दात त्यांपैकी एक आहे, जप्त या शब्दात दुसरे, जुलूम या शब्दात तिसरे आणि इजा या शब्दात चौथे. अरबीत यांचे उच्चार स्पष्टपणे निराळे आहेत, फारसीत केवळ लेखनात निराळे उरले, आणि मराठीने उच्चारातला भेद नाहीसा झालेला पाहून लेखनातलाही सोडून दिला व चौघांना एकाच ‘ज’च्या पाटावर बसवले. म्हणूनच केवळ मराठी रूप पाहून अशा शब्दाचे मूळ सांगू नये. त्यासाठी माधवराव पटवर्धन यांचा १९२५ साली प्रसिद्ध झालेला फारशी-मराठी कोश किंवा कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ सालचा व्युत्पत्तिकोश हाताशी असणे केव्हाही चांगले.

हा शब्द आता मराठीचाच झाला आहे, हे त्याच्या लेखनावरून दिसते. फारसीतला दीर्घ ‘ई’ मराठीत ऱ्हस्व झाला. शब्दाचे शेवटचे अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा इकार किंवा उकार ऱ्हस्व लिहायचा, हा आपला नियम किडा, विळा, चुना या शब्दांना लागतो तसाच इजेलाही लागतो. पूजा, क्रीडा या तत्सम शब्दांना तो लागत नाही. तेव्हा ‘ईजा’ असे लिहिणे आज चूक आहे. लिंग स्त्रीलिंग, अनेकवचनी रूप तेच, आणि विभक्ती लागताना इजेने, इजेमुळे, इजेचा अशी रूपे होतात. हवा, रजा, सजा हे त्याच वाटेने आलेले शब्दही हवेत, रजेवर, सजेची असेच चालतात. ‘इजामुळे’ असे जे अलीकडे छापले जाते ते टाळावे.

आता अर्थाकडे वळू. मूळ अरबी शब्दाची व्याप्ती मोठी आहे. किरकोळ त्रासापासून छळापर्यंत काहीही त्यात बसते, आणि उर्दूतही ‘ईज़ा’ मनाची असू शकते. मराठीत हा अर्थ आकसला आणि आकसताना नेमका झाला. मराठी इजा ही मुख्यतः देहाची, आणि देह म्हणजे केवळ माणसाचा नव्हे. शेतीविषयक मार्गदर्शनात ‘मुळांना इजा होणार नाही अशा बेताने आंतरमशागत करावी’, ‘खोडाच्या सालीला इजा होऊ देऊ नये’, ‘फळाला इजा न करता देठासह काढणी करावी’ अशी वाक्ये सर्रास भेटतात आणि ती अगदी बरोबर असतात. मूळ, साल, फळ यांत जिवंत पेशी असतात; तेथे खरचटले, चिरले किंवा दाबले गेले तर त्या जागेतून कीड-रोग शिरतो, ती जागा सडते किंवा कालांतराने भरून येते. जेथे असे काही घडू शकते तेथे मराठी माणूस इजा हा शब्द वापरतो. बसचा पत्रा चेपला तर तो आपण होऊन बरा होत नाही, आणि म्हणून बसला इजा होत नाही.

नुकसान या शब्दाचे मूळ वेगळी गोष्ट सांगते. अरबीतील ज्या धातूपासून तो झाला त्याचा अर्थ ‘कमी होणे, उणे पडणे’ असा आहे. नुकसान म्हणजे उणीव, आधी जेवढे होते त्यातून झालेली घट. त्यामुळे नुकसानाला मोजमाप असते, किंमत लावता येते आणि भरपाईही मागता येते. नुकसानभरपाई हा जोडशब्द इतका सहज तयार झाला तो याच कारणाने, कारण जे उणे पडले तेवढे पुन्हा भरायचे. ‘इजाभरपाई’ असा शब्द कोणी केला नाही. इजेबद्दलही जे काही मिळते ती नुकसानभरपाईच असते.

या दोन शब्दांतला फरक लक्षात ठेवण्यासाठी व्युत्पत्ती पाठ करण्याची मात्र गरज नाही, कारण तो मराठीच्या विभक्तींनी आधीच नोंदवून ठेवला आहे. त्याला इजा झाली. त्याचे नुकसान झाले. पायाला इजा, घराचे नुकसान. जे जाऊन लागते, बोचते, भोगावे लागते, ते ज्याच्या वाट्याला येते त्याला आपण ‘ला’ जोडतो: प्रकृतीला अपाय, डोक्याला मार, पोटाला बाधा, अब्रूला धक्का. ज्याच्यामुळे मूळ वस्तू उणी होते, तेथे त्या वस्तूला ‘चा-ची-चे’ जोडतो: पिकाचे नुकसान, जमिनीची धूप, यंत्राची झीज, धान्याची नासाडी. आपल्या वार्ताहराच्या मूळ वाक्यात खटकते ते हे की, शब्दांबरोबर विभक्तीही अदलाबदल होऊन गेल्या आहेत. ‘प्रवाशांचे किरकोळ नुकसान झाले’ असे वाचल्यावर वाचकाला त्यांचे सामान हरवले असावे असे वाटेल, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

नियमाला अपवाद आहेच. तोटा हा शब्द तुटण्याच्या कुळातला, म्हणजे अर्थाने घटीचा, तरीही आपण ‘व्यापाऱ्याला तोटा झाला’ असेच म्हणतो. येथे लक्ष मालाच्या घटीकडे नसून ती सोसणाऱ्या माणसाकडे असते, असे त्याचे स्पष्टीकरण देता येईल. ते पुरेसे वाटले नाही तर रूढी म्हणून सोडून द्यावे. भाषेत अशा जागा राहणारच.

प्रश्न : ‘मालमत्तेला नुकसान पोहोचवणे’ हा प्रयोग आता सरकारी सूचनांपासून बातम्यांपर्यंत सगळीकडे दिसतो. तो बरोबर आहे का? तसेच नुकसान आणि नुकसानी यांपैकी शुद्ध रूप कोणते?

उत्तर : ‘नुकसान पोहोचवणे’ हा हिंदीच्या वळणाचा प्रयोग आहे. मराठीत मालमत्तेचे नुकसान करतात आणि मालमत्तेचे नुकसान होते. वरच्या उत्तरात म्हटल्याप्रमाणे पोहोचते ती लागणारी गोष्ट. उणीव कुठून निघून कुठे पोहोचत नाही. माझ्यासमोर असे वाक्य आले तर मी ते बदलतो. त्याच वेळी ‘पर्यावरणाला हानी पोहोचवणे’ हे वाक्य मी बदलत नाही, हेही सांगायला हवे. हानी हा शब्दही अर्थाने घटीचाच आहे आणि पर्यावरणाची हानी म्हणणे अधिक सरळ आहे; पण हानी पोहोचवणे मराठीत इतके मुरले आहे की आता ते उपटून काढण्यात अर्थ नाही. एकाला मोकळीक आणि दुसऱ्याला अडवणूक हा पक्षपात झाला, असे कोणी म्हटले तर ते मान्य आहे.

नुकसान हे नपुंसकलिंगी नाम, नुकसानी हे स्त्रीलिंगी. दोन्ही शुद्ध आहेत. तयार-तयारी, दुरुस्त-दुरुस्ती या जोड्यांत विशेषणाला ‘ई’ लागून नाम होते. नुकसान हे आधीच नाम असल्यामुळे त्याला ही ‘ई’ खरे तर अनावश्यक होती. पण ती लागली आणि टिकली. आज साधारण असे दिसते की, कर्ता म्हणून ‘नुकसान झाले’ म्हणतात आणि सामान्यरूपात ‘नुकसानीचे पंचनामे’, ‘नुकसानीची पाहणी’ असे स्त्रीलिंगी रूप पुढे येते. ‘नुकसानाचे पंचनामे’ही चूक नाही. एकाच मजकुरात मात्र ‘मोठी नुकसान झाली’ असा घोळ होऊ देऊ नये. तेथे ‘मोठे नुकसान झाले’ किंवा ‘मोठी नुकसानी झाली’ यांपैकी एक ठरवावे.

प्रश्न : मी विधी शाखेची विद्यार्थिनी आहे. फौजदारी कायद्याच्या मराठी पुस्तकात सर्वत्र ‘दुखापत’ असते, वृत्तपत्रात ‘इजा’ आणि ‘जखम’, आणि पोलिसांच्या कागदात ‘मुका मार’. हे सर्व एकच का?

उत्तर : बोलण्यात एकमेकांच्या शेजारी बसणारे हे शब्द आहेत, पण त्यांची कामे वाटून दिलेली आहेत.

जखम हा शब्द फारसी, आणि त्यात कातडी फाटणे, रक्त येणे, मांस उघडे पडणे हे गृहीत आहे. जखम दिसते, तिला टाके घालतात, पट्टी बांधतात, ती चिघळते किंवा भरते. याच्या अगदी उलट मुका मार. वरून काही दिसत नाही, रक्त नाही, पण आत ठणका आहे आणि दुसऱ्या दिवशी ती जागा काळीनिळी पडते. मारहाणीच्या फिर्यादीत ‘हाताबुक्क्यांनी मारून मुका मार दिला’ असे वाक्य असते, ते कातडी न फाटल्याची नोंद करून ठेवण्यासाठी. स्वतःविषयी काही न बोलणारा मार तो मुका, ही कल्पना ज्या कोणाला सुचली त्याला शब्दांची उत्तम जाण असली पाहिजे.

दुखापत या शब्दात दुखणे उघडच आहे. त्याचे लेखन विसर्ग न देता करावे. शरीराच्या आतल्या भागाला, विशेषतः स्नायूला किंवा सांध्याला काही झाले की आपण दुखापत म्हणतो. खेळाडूच्या गुडघ्याला दुखापत होते, जखम होत नाही. इजा हा या सर्वांना पोटात घेणारा शब्द आहे. जखम ही इजा, मुका मार ही इजा, मेंदूला सूज आली तर तीही इजा. काय झाले ते अजून नीट कळलेले नाही, पण शरीराला काही तरी झाले आहे, अशा वेळी इजा हा शब्द सर्वांत सुरक्षित. बातमीदार तो पसंत करतात ते योग्यच आहे.

कायद्याला असा सैल शब्द चालत नाही. भारतीय दंड संहितेने १८६० साली कलम ३१९ मध्ये दुखापतीची जी व्याख्या केली, तीत शारीरिक वेदना, रोग किंवा विकलता निर्माण करणे या तीन गोष्टी आहेत. म्हणजे कोणी जाणूनबुजून दुसऱ्याला रोग जडवला तर तीही कायद्याच्या भाषेत दुखापतच, जी बोलभाषेत कोणी म्हणणार नाही. पुढच्या कलम ३२० मध्ये जबर दुखापतीचे आठ प्रकार सांगितले आहेत. दृष्टी किंवा श्रवणशक्ती कायमची जाणे, अवयव किंवा सांधा गमावणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे यांच्याबरोबरच हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे हाही त्यांतला एक प्रकार आहे. त्यामुळे भांडणात एक दात पडला तर ती जबर दुखापत ठरते, आणि दंडावरची वीतभर लांब, रक्ताळलेली जखम, तिने जिवाला धोका निर्माण केला नसेल आणि ती ठरलेल्या मुदतीच्या आत बरी झाली असेल, तर साधी दुखापत ठरू शकते. ही मुदत जुन्या संहितेत वीस दिवसांची होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत दुखापत कलम ११४ मध्ये आणि जबर दुखापत कलम ११६ मध्ये आली असून ती मुदत पंधरा दिवसांवर आणली आहे. तेवढे दिवस माणसाला तीव्र शारीरिक वेदना होत राहिल्या किंवा नेहमीचे व्यवहार करता आले नाहीत, तर दुखापत जबर होते.

आपल्या पुस्तकात आणखी एक शब्द आपणास भेटला असेल, क्षती. जुन्या संहितेचे कलम ४४ शरीर, मन, लौकिक किंवा मालमत्ता यांपैकी कशालाही बेकायदेशीरपणे केलेला कोणताही अपाय एका संज्ञेत गोळा करत असे, आणि कायद्याच्या मराठीत तिच्यासाठी क्षती हा शब्द योजतात. क्षती हा संस्कृत शब्द, ‘क्षत’ म्हणजे जखम याच्या कुळातला. मूळ अर्थाने तो इजेच्या जवळचा होता. कायद्याने त्याला मालमत्तेपर्यंत ताणले. सामान्य लिखाणात क्षतीची गरज मला फारशी दिसत नाही. ‘पुलाला क्षती पोहोचली’ असे वाचले की पुलाचे काही तरी शास्त्रोक्त झाले असावे असे वाटते. पुलाचे नुकसान झाले, एवढे म्हणणे पुरे आहे.

प्रश्न : आमच्या घरी लागोपाठ दोन अडचणी आल्या की ‘इजा झाली, बिजा झाली, आता तिजा होऊ नये’ असे आजी म्हणत असे. यातील इजा म्हणजे दुखापतच का? आणि मग बिजा, तिजा म्हणजे काय?

उत्तर : ही इजा वेगळी. येथे तिन्ही शब्द क्रम सांगणारे आहेत: पहिली, दुसरी, तिसरी. त्यांतले शेवटचे दोन सहज ओळखता येतात. द्वितीया या शब्दाचे प्राकृतातून बीज झाले आणि तृतीया या शब्दाचे तीज. भाऊबीज या सणाच्या नावातली बीज ती हीच. दुसऱ्यांदा बोहल्यावर चढणाऱ्या पुरुषाला बिजवर आणि तिसऱ्यांदा चढणाऱ्याला तिजवर म्हणत, त्यांतही हेच अंश आहेत. शेजारच्या गुजरातीत तर दुसरा या अर्थी ‘बीजो’ हा आजही रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. मराठीने दुसरा-तिसरा ही रूपे स्वीकारली आणि बीज-तीज तिथींपुरती व अशा म्हणींपुरती मागे ठेवली.

पहिल्या शब्दाचे तसे नाही. प्रथम किंवा प्रतिपदा यांपासून ‘इजा’ होण्याचा मार्ग नाही. बिजा-तिजा हे जोडीने म्हणताना त्यांच्या आधी त्याच ठेक्यावरचा एक शब्द हवा होता आणि तो ‘एक’च्या आधाराने यमकासाठी बेतला गेला, असे मानणे सयुक्तिक दिसते. आपल्याकडे यमकाच्या ओढीने असे शब्द घडणे काही नवे नाही.

तरीही आजींनी ज्या प्रसंगी हे वाक्य वापरले तो प्रसंग अडचणीचाच होता, हे विसरून चालणार नाही. ही म्हण बहुतेक वेळा संकटांच्या मोजणीसाठीच वापरली जाते, पहिला शब्द दुखापतीच्या इजेशी हुबेहूब जुळतो, आणि त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात. लोकांनी ही म्हण टिकवून धरली त्यात या योगायोगाचाही वाटा असावा. व्युत्पत्ती सांगताना मात्र दोन्ही इजा वेगळ्या ठेवाव्यात.

प्रश्न : हानी हा शब्द हन्, म्हणजे मारणे, या धातूपासून झाला आहे ना? तसे असेल तर ‘जीवितहानी’ ठीक, पण ‘मानहानी’ किंवा ‘वित्तहानी’ कशी? मान किंवा पैसा मारता येत नाही.

उत्तर : शंका रास्त आहे, फक्त तिचा पाया सरकवावा लागेल. हानि हा शब्द हन् धातूचा नव्हे. तो हा या धातूचा आहे, ज्याचा अर्थ सोडणे, टाकून देणे असा होतो. याच धातूपासून हीन हा शब्द झाला: जे सुटले, ज्याच्यापाशी काही उरले नाही, ते हीन. बलहीन, गुणहीन यांतला हीन आणि मानहानीतली हानी ही सख्खी भावंडे आहेत. हानी म्हणजे हातून सुटणे, गमावणे. म्हणून प्राणांची हानी जशी होते तशी मानाची आणि वित्ताचीही होते, आणि कोणालाही मारण्याची आवश्यकता पडत नाही. हन् धातूचे वंशज वेगळे आहेत: घात, आघात, घातक, विघातक, विश्वासघात. त्यांत मारणारा कोणी तरी असतो किंवा निदान मारण्याचा गुण असतो. घातपात म्हटले की आपण त्यामागचा हात शोधतो. हानी म्हटल्यावर तसा शोध घ्यावाच लागत नाही, कारण ती पुरानेही होते.

व्यवहारात याचा उपयोग होतो. ‘विघातक कृत्य’ आणि ‘हानिकारक पदार्थ’ हे प्रयोग उलटसुलट करून पाहावेत. ‘विघातक पदार्थ’ म्हटले की पदार्थाला हेतू असल्यासारखे वाटू लागते. हानी हा स्वतंत्र शब्द मराठीत दीर्घ, पण समासात पूर्वपदी आला की हानिकारक असा ऱ्हस्व, हेही या निमित्ताने लक्षात ठेवावे.

याच पत्रात अपाय या शब्दाविषयीही विचारले आहे. तो इ, म्हणजे जाणे, या धातूचा आहे. ‘उप’ लागला की जवळ जाणे, त्यावरून साध्य करण्याची वाट, म्हणजे उपाय; ‘अप’ लागला की दूर जाणे, निघून जाणे, त्यावरून नाश, धोका, म्हणजे अपाय. उपसर्गातल्या एका अक्षराने औषध आणि विष यांची वाटणी केली आहे. मराठीत अपाय प्रामुख्याने प्रकृतीला होतो, तोही हळूहळू, आतून. दगड डोक्यात पडला तर अपाय झाला असे कोणी म्हणत नाही. वर्षानुवर्षे धूर छातीत घेतल्याने फुप्फुसांना अपाय होतो. तेथे इजा म्हणणे चूक नाही, परंतु इजा म्हटले की एखाद्या क्षणी काही तरी घडले असा भास होतो, आणि या संथ प्रकाराला अपाय हाच शब्द शोभतो.

प्रश्न : ‘इजाग्रस्त’ हा शब्द वापरावा का?

उत्तर : तो अरबी आणि संस्कृत यांचा संकर आहे म्हणून त्याज्य ठरवण्याचे कारण नाही, ‘नुकसानग्रस्त शेतकरी’ हाही तसाच संकर आहे आणि तो उत्तम चालतो. अडचण अर्थाची आहे. ग्रस्त म्हणजे गिळलेला. पूर, दुष्काळ, व्याधी या माणसाला वेढून टाकणाऱ्या गोष्टी आहेत, त्यांच्यापुढे ग्रस्त शोभतो. इजा ही शरीराच्या एका जागी असते आणि पुष्कळदा किरकोळ असते. बोट कापलेल्या माणसाला इजाग्रस्त म्हणणे म्हणजे त्या कापण्याने अख्खा माणूस गिळला असे म्हणण्यासारखे आहे. रक्त आले असेल तर जखमी म्हणावे. खेळाडू खेळू शकत नसेल किंवा लढणारा लढू शकत नसेल तर त्यासाठी जायबंदी हा नेमका शब्द आपल्याकडे आहे, जो अलीकडे क्रीडापानाबाहेर फारसा दिसत नाही. याखेरीज इतर सर्व ठिकाणी ‘इजा झालेले प्रवासी’ असे तीन शब्द खर्च करावेत.